पुढे पान ७ वर

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. फार नाही. एक थेंब, मग हा आता विसरलाच की काय असं वाटेपर्यंत शांतता, मग दुसरा. वायसर बदलायला हवा एवढं मला कळत होतं, तो कसा बदलायचा हे कळत नव्हतं. म्हणून दुपारची आवराआवर झाल्यावर मोबाइल हातात घेतला, नळाचं दुखणं त्याला सांगितलं आणि बसले. दोन मिनिटांचं काम.

सव्वादोन तासांनी मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड विद्यापीठातल्या एका काचेच्या नरसाळ्यासमोर होते.

मधला रस्ता आता नीट आठवत नाही. वायसरवरून रबर, रबरावरून डांबर, असं काहीतरी झालं असावं. पण त्या नरसाळ्याशी पोचल्यावर मात्र मी बूड टेकलं. थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ साली डांबराच्याच जातीतलं काळं, टणक 'पिच' तापवून त्यात ओतलं. हातोडी मारली तर काचेसारखे तुकडे होतात असा हा पदार्थ. पण तो खरं तर द्रवच आहे, फक्त वाहायला फार वेळ घेतो, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. तीन वर्षं ते पिच नुसतं बसू दिलं. १९३० मध्ये नरसाळ्याचं बंद तोंड कापलं आणि मग थेंब पडायची वाट बघणं सुरू झालं. पहिला पडला १९३८ मध्ये. २०१४ पर्यंत मिळून थेंब झाले नऊ.

मला त्या पिचपेक्षा जॉन मेनस्टोन जास्त आवडले. १९६१ पासून या प्रयोगाची राखण त्यांच्याकडे होती. पन्नासहून जास्त वर्षं. १९७९ चा थेंब सुट्टीच्या दिवशी पडला, ते तिथे नव्हते. १९८८ मध्ये ते जवळच होते, घसा ओला करायला पाचेक मिनिटं बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० साली म्हणून कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेरा बंद. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन गेले. नववा थेंब निघाला २०१४ च्या एप्रिलमध्ये. २००५ साली त्यांना आणि पार्नेलना (पार्नेलना मरणोत्तर) इग नोबेल मिळालं होतं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. मी हसले नाही. पाच मिनिटं बाहेर जाणाऱ्या माणसाला हसण्याइतकी मी सावध कधीच नव्हते.

त्या नरसाळ्यावर आता कॅमेरे रोखलेले आहेत आणि कुणालाही घरबसल्या बघता येतं. मी बघितलं. काही होत नव्हतं. आणखी थोडा वेळ बघितलं. मागे आमच्या नळाचा थेंब पडला.

"मिळालं का?" नवऱ्याने आतून विचारलं.

"हो," म्हटलं. खोटं नव्हतं ते.

माझ्याकडे अशा गोष्टींची एक वही आहे. मोबाइलमध्ये खूण करून ठेवता येते हे मला माहीत आहे, भाचा दर भेटीत ते शिकवतो. पण खूण केलेली पानं मी आजवर कधीच उघडलेली नाहीत. ती म्हणजे पाहुण्यांनी दिलेल्या भेटवस्तूंसारखी, वर ठेवली की संपली. हाताने लिहिलेलं मात्र अधूनमधून चाळलं जातं. तोटा एकच, घाईत लिहिलेलं नंतर लागत नाही. पान अकरावर नुसतं 'उलटा मासा, पुन्हा बघणे' असं आहे. कुठला मासा, का उलटा, आणि पुन्हा बघायचं तर पहिल्यांदा मी काय बघितलं होतं, काही पत्ता नाही. एका पानावर फक्त '३८ मिनिटं' आणि त्याखाली दोन रेघा. ते बरेच दिवसांनी उलगडलं: १८९६ साली ब्रिटन आणि झांजिबारमधलं युद्ध साधारण तेवढ्याच वेळात आटोपलं होतं. नळाच्या वायसरसाठी मी त्याहून जास्त वेळ घालवला.

'तुम्हाला हेही आवडेल' असं म्हणून जे समोर येतं, ते मी या वहीत घेत नाही. हा माझा हट्ट आहे. सापडलेली वस्तू आणि हातात ठेवलेली वस्तू यात फरक असतो, जरी वस्तू तीच असली तरी. शिवाय त्या 'हेही आवडेल'वाल्याला माझ्याबद्दल फारसं कळलेलंही नाही. त्या दुपारनंतर आठवडाभर तो मला नळ दाखवत होता.

ही खोड जुनी आहे, मोबाइलच्या कितीतरी आधीची. लहानपणी कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरलेली असत. कपडे काढायला पाठवलं की मी तिथेच. कागद अंथरणारा माणूस वाचणाऱ्याचा विचार करत नाही, त्यामुळे निम्मे कागद उलटे. मान वाकडी करून, घड्यांच्या चळती इकडून तिकडे सरकवत मी वाचत असे. तीन वर्षांपूर्वीचं हवामान. कुठल्याशा सामन्याचा पहिला दिवस (दुसरा दिवस कपाटात नव्हता). शब्दकोड्याची उत्तरं, कोडं नसलेली. आई म्हणायची, "अगं, पुस्तकं सोडून कपाटं काय वाचतेस!" पण पुस्तकात पुढे काय येणार याचा थोडा तरी अंदाज असतो. स्वेटरखाली काय निघेल ते सांगता येत नाही.

सगळ्यात खालच्या फळीवर एक बातमी होती. माझ्याच वयाचा एक मुलगा कोरड्या विहिरीत पडला होता. गावाचं नाव फळीच्या कडेला दुमडून खिळ्याखाली गेलेलं. माणसं जमली, कंदील आणले, आतून त्याचा आवाज येत होता, एकाने दोर खाली सोडला आणि. तिथे कंस होता. कंसात लिहिलं होतं, पुढे पान ७ वर.

पान ७ कपाटात नव्हतं. मी सगळ्या फळ्या उपसल्या, त्याबद्दल धपाटाही खाल्ला. वडिलांच्या टेबलाचे खण पाहिले. आईला विचारलं, तर ती म्हणाली, काढलं असेल की गं वर, एवढी माणसं होती ना. तिच्या सुरावरून कळलं की तिने बातमी वाचलेलीच नाही.

असो.

नंतर घरात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आला आणि कपाटं सुटली. शब्दकोशाचं मला पटायचं ते असं की एका शब्दाकडे जाताना वाटेत चाळीस भेटतात, आणि पोचेपर्यंत निघालो कशासाठी होतो ते विसरलेलं असतं. तेव्हा मी त्यातलं प्रत्येक अक्षर ब्रह्मवाक्य मानत असे. 'डॉर्ड' हा शब्द भेटला तो खूप पुढे, इंटरनेटवर, असाच दुसरं काही शोधताना. तो मेरियम-वेबस्टरच्या १९३४ च्या थोरल्या कोशात होता, अर्थ दिला होता 'घनता'. असा शब्द मुळात नाहीच. १९३१ मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठी पाठवली होती की घनतेसाठी मोठा 'डी' किंवा छोटा 'डी' हे संक्षेप वापरतात. इंग्रजीत 'डी ऑर डी'. कुणीतरी ती अक्षरं सलग वाचली, शब्द तयार झाला, कुणीतरी त्याला उच्चारही बहाल केला. पाच वर्षं तो बिनबोभाट इतर शब्दांच्या पंगतीत बसून होता. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की याची व्युत्पत्तीच कुठे दिलेली नाही. आईबाप कोण, असं विचारल्यावर सापडला बिचारा.

माझ्या वहीतला सर्वांत लाडका विभाग हाच. नसलेल्या गोष्टी. दक्षिण प्रशांतात, न्यू कॅलिडोनियाच्या बाजूला सँडी आयलंड नावाचं एक बेट शंभराहून जास्त वर्षं नकाशांवर होतं. १८७६ मध्ये एका देवमासे पकडणाऱ्या जहाजाने ते नोंदवलं. कागदी नकाशावरून ते संगणकावरच्या नकाशात आलं, गूगलवरही होतं. २०१२ मध्ये 'सदर्न सर्व्हेयर' हे संशोधनाचं जहाज मुद्दाम तिथे गेलं, तर खाली तेराशे मीटरहून जास्त पाणी. बेट असायला हवं होतं तिथून जहाज सरळ निघून गेलं. त्या वेळी डेकवर कुणीतरी पायाखाली बघितलं असेल का, असं मला उगाच वाटतं.

पण ॲग्लोची तऱ्हाच वेगळी. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एका नकाशा कंपनीने न्यूयॉर्क राज्यात, दोन कच्च्या रस्त्यांच्या मिळणीवर हे गाव छापलं. गाव नव्हतंच. ओटो लिंडबर्ग आणि अर्नेस्ट आल्पर्स या दोघांच्या आद्याक्षरांची घुसळण करून नाव बनवलेलं, उद्देश हा की दुसऱ्या कुणी नकाशा चोरला तर हे गाव त्याच्याकडे दिसेल आणि चोर सापडेल. काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या नकाशात ॲग्लो दिसलं! पहिली कंपनी कोर्टाची भाषा करू लागली. दुसरी म्हणाली, अहो, पण तिथे दुकान आहे. आणि खरंच होतं. कुणीतरी नकाशा बघितला, इथे ॲग्लो आहे असं त्याला समजलं, त्याने तिथे दुकान टाकून ॲग्लोचं नाव दिलं. पुढे दुकान बंद पडलं आणि गाव पुन्हा नव्हतं तिथे गेलं.

हे मी भेटेल त्याला सांगते. दोन जण सोडता सगळ्यांनी 'अच्छा' म्हटलंय.

अर्थात माझी सगळीच रत्नं अस्सल निघत नाहीत. गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते हे मी मोठ्या ऐटीत भाच्याला सांगितलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा. "मावशी, माशाला कुणी विचारलं?" म्हणाला. रात्री गुपचूप शोधलं. त्यांच्या लक्षात गोष्टी महिनोन्महिने राहतात. तेव्हापासून वहीत काही ओळींवर काट आहे. पान अकरावरचा उलटा मासा मात्र मी खोडलेला नाही, कारण तो खरा की खोटा हे ठरवायलाही आधी तो सापडायला हवा.

अलीकडे वही घेऊन जुन्या पत्त्यांवर परत गेलं की बरेचदा दार बंद असतं. पान सापडत नाही, एवढंच लिहिलेलं. प्यू नावाच्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजलं होतं: २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उरली नव्हती. कुणालाही स्वतःची वेबपानं फुकट बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली लाखो घरं एकदम गेली. कुणाच्या मांजरीचे फोटो, कुणाची नाण्यांची यादी, चमचमणाऱ्या अक्षरात 'काम चालू आहे' अशा पाट्या. ते काम आता कायमचं चालू राहिलं. बरंचसं काही स्वयंसेवकांनी आदल्या दिवसांत धावपळ करून उतरवून घेतलं, आणि १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्हवाले जमेल तेवढं उचलून ठेवतच आहेत. जुना पत्ता दिला की ते मरून गेलेलं पान दाखवतात. मी तिथे जाते. बहुतेक वेळा मजकूर असतो आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. काही वेळा मजकूर मधेच थांबतो, 'पुढील पान' असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवलं की काही नाही. ते पुढचं पान उचलायला त्या दिवशी कुणी आलेलं नसतं.

अशाच एका अर्धवट पानावर, नळ बाजूलाच राहिलेल्या त्या दुपारी, मला खालची फळी आठवली. इतकी वर्षं इंटरनेट हाताशी आहे, समुद्रातली कोणती जागा जमिनीपासून सर्वांत लांब आहे ते मला ठाऊक आहे (पॉइंट निमो, सुमारे २,६८८ किलोमीटर), आणि हे कधी शोधलंच नव्हतं. विहीर, मुलगा, दोर, कंदील. साल अंदाजाने घातलं. पुष्कळ विहिरी निघाल्या. पुष्कळ मुलं निघाली, इतकी असतील असं वाटलं नव्हतं. काही वर आलेली, काही न आलेली. एकेक उघडून बघत गेले. कंदील कुठेच नव्हता. अंधार पडला तेव्हा थांबले.

असलाच तर तो आज माझ्याच वयाचा. त्याच्याकडचाही नळ गळत असेल.