पिचला जाऊन काय मिळालं? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला आता इतक्यांदा येतो की एकदा बसून लिहूनच टाकते. कॉलेजची ज्युनियर पोरं विचारतात, "ताई, त्या स्टार्टअप पिचला (म्हणजे जजसमोर आपली कंपनी मांडायची स्पर्धा) जाऊन नक्की काय मिळालं?" आणि मावशी विचारते, "पैसे किती मिळाले गो?" मावशीचं उत्तर सोपंय, काही नाही. एक सर्टिफिकेट, त्यात कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि एक पाण्याची बाटली. पोरांचं उत्तर जरा लांब आहे.

आधी आम्ही काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बेळगावात उद्यमबागला, म्हणजे कारखान्यांच्या भागात, लहानाची मोठी झालेय म्हटलं तरी चालेल, बाबा पॅटर्नमेकर, ज्यावरून मातीचा साचा घेतात ते लाकडाचे पॅटर्न करायचे, त्यामुळे फौंड्री म्हणजे काय, लोखंड कसं ओततात हे कुणी शिकवावं लागलं नाही. कोल्हापूर, कोईमतूर, राजकोट तसं आपलं बेळगाव, पंपाचे, व्हॉल्व्हचे, ट्रॅक्टरचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, इथून जातात. प्रत्येक फौंड्रीत रोज काही पीस खराब निघतात, कुठे ब्लो होल म्हणजे हवेने पडलेलं भोक, कुठे माती पडलेली, कुठे कोल्ड शट म्हणजे लोखंड गार झालं आणि नीट जुळलंच नाही. खराब पीस परत वितळवतात म्हणून मालकाला वाटतं नुकसान नाही, पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेसला साधारण ६०० युनिट वीज लागते, ती कोण परत देणार? वर माती, कोअर (पीस आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवतात तो गाभा), मजुरी वेगळी. आणि हे सगळं रिजेक्शन लिहिलेलं कुठे असतं तर एका वहीत, तेलाचे डाग पडलेल्या, महिन्याने रद्दीत जाणाऱ्या. तर आमचं ॲप म्हणजे ती वही. मोल्डरने, म्हणजे साचा करणाऱ्याने, मोबाईलवर बोलायचं, मराठीत किंवा कन्नडमध्ये, ॲप नोंद करतं, महिन्याला मालकाला कळतं कुठल्या कारणाने किती गेले.

ऐकायला झकास वाटतं ना? मला पण वाटलं होतं.

पिच हुबळीला होतं. बेळगावहून शंभर किलोमीटरच्या आत, सकाळच्या बसने कित्तूर, धारवाड करत गेलो, मी आणि पार्टनर. पाच मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न. इंग्लिश यायला लागतं का हे पण सगळे विचारतात, तर यायला लागतं पण पाठ केलेलं चालतं, माझं पाठच होतं. दहा स्लाईड केल्या होत्या, पहिलीवरच टाकलं की कास्टिंगमध्ये चीननंतर जगात भारताचा नंबर. खरं आहे ते, पण आमचं ॲप वापरणाऱ्या तेव्हा फौंड्र्या होत्या तीन. त्यातली एक माझ्या मामाची. जगातला दुसरा नंबर आणि मामाची फौंड्री एकाच स्लाईडवर, आता आठवलं की हसू येतं.

पाच मिनिटं बरी गेली. मग तीन जजपैकी दोघांनी मार्केट किती, कॉम्पिटिटर कोण असले नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं तयार होती. तिसरे एक वयस्कर गृहस्थ, बराच वेळ गप्प, नंतर कळलं त्यांचं स्वतःचं मशीन शॉप होतं. त्यांनी इंग्लिश सोडून सरळ आपल्याकडच्या कन्नडमध्ये विचारलं, "अंव यातक्क बरीतान्री?" म्हणजे, तो कशाला लिहील हो?

तो म्हणजे मोल्डर.

बऱ्याच फौंड्रीत मोल्डिंग कंत्राटावर असतं, चांगल्या निघालेल्या पीसवर पैसे. पीस खराब निघाला तर मग भांडण, मेल्टिंगवाला म्हणतो मोल्डरने माती ओली ठेवली, मोल्डर म्हणतो तुझं लोखंडच गार होतं, कोअरवाला म्हणतो माझ्याकडे बघू नका. ब्लो होल तर तिघांपैकी कुणामुळेही येतो. अशात मोल्डरने स्वतःच्या तोंडाने मोबाईलला सांगायचं की माझे आज इतके पीस गेले, आणि तो रिपोर्ट जाणार मालकाकडे! कोण सांगेल?

खरी गोष्ट अशी की हे मला माहीत होतं. दोन महिने मामाच्या फौंड्रीत उभी राहून बघत होते की नोंदी कमी कमी होतायत, आणि मी पार्टनरला सांगत होते ट्रेनिंग कमी पडतंय, अजून एकदा शिकवू. एकदा तिथल्या एका मोल्डरकाकांनी विचारलं पण होतं, "काय करूलास गो, आमच्यावर पोलीस बसवूलास काय?" मी हसून सोडून दिलं. आणि स्लाईडवर काय लिहिलं, तर 'वापरायला सोपं'.

त्या जजना मी काय उत्तर दिलं ते विचारू नका. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, शेवटी "हौद्री सर", म्हणजे हो सर, म्हणून खाली उतरले.

परतीच्या बसमध्ये धारवाडपर्यंत आम्ही दोघं बोललोच नाही. जिंकलेली पोरं त्याच बसमध्ये, त्यांच्याकडे तो पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, कंडक्टर म्हणाला ह्याला पण तिकीट लागतंय, सगळी बस हसली. (चेक पुठ्ठ्याचा, आणि खरे पैसे काम दाखवाल तसे हप्त्याहप्त्याने, ते त्यांनीच सांगितलं.) कित्तूरच्या आसपास पार्टनर म्हणाला, मोल्डरकडून घ्यायचंच कशाला?

पुढचे चार महिने तेच केलं. नोंद मोल्डिंगवरून उचलून फेटलिंगला नेली, जिथे पीस साफ होतो आणि खोट दिसते. तिथला माणूस खोटीचा फोटो काढतो, हीट नंबर (लोखंड कुठल्या वितळणीचं) आणि बॉक्स नंबर (साचा कुठला) टाकतो, कुणाचंही नाव नाही. मालकांना नाव पाहिजेच असतं, त्यावरून एक गिऱ्हाईक सोडून गेलं, जाऊ दे. पण नाव काढल्यावर मोल्डर स्वतः येऊन फोटो बघायला लागले. त्या मोल्डरकाकांनीच दाखवलं की एका पॅटर्नच्या एकाच कोपऱ्यात सारखी माती पडते, म्हणजे दोष पॅटर्नचा. पॅटर्न कुणाचा होता ते लिहीत नाही, घरात राहायचंय मला.

आता पैशांचं, कारण मावशीसारखे बरेच आहेत. फक्त पैशांसाठी जायचं असेल तर स्पर्धांपेक्षा सरकारी स्कीम बघा. कर्नाटकाची एलिव्हेट आहे, ५० लाखांपर्यंत ग्रँट, बदल्यात शेअर मागत नाहीत. केंद्राची सीड फंड स्कीम २०२१ ला आली (अजून चालू आहे का ते आधी बघून घ्या), इन्क्युबेटरमार्फत म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत, प्रोटोटाईपसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, पण अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, ह्यात बरेच जण अडकतात. पिच तिथेही करावं लागतंच.

तर जायचं का? जा की. पण जायच्या आधी ज्या स्लाईडवर तुम्ही पटकन पुढे जाता ती कुठली ते बघून ठेवा, माझी सातवी होती, 'वापरायला सोपं' वाली. पुढच्या महिन्यात परत एक आहे, फॉर्म भरलाय. ह्यावेळी पहिल्या स्लाईडवर मामाची फौंड्री आहे, दुसरा नंबर काढून टाकला.