सुईच्या नेढ्यातली शिल्पं पाहायला मुलांना नेताना

सूक्ष्म शिल्पांच्या प्रदर्शनात पाहण्यापेक्षा रांगेतच जास्त वेळ जातो. दालन लहान, भिंतीलगत सूक्ष्मदर्शक मांडलेले, आणि एका वेळी एकालाच डोकावता येतं. सहा वर्षांची लेक आणि दहा वर्षांचा भाचा सोबत असले, की हे फार लवकर कळतं.

पहिल्याच भिंगाशी लेक म्हणाली, "आई, यात काहीच नाहीये." डोळा तिने अगदी काचेला चिकटवला होता. बोटभर मागे सरकल्यावर सुईच्या नेढ्यात उभी असलेली बाई दिसली, आणि मग ती तिथून हलेना! लहान मुलांना एक डोळा मिटणं जमत नाही, त्यामुळे दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवायला शिकवा. घरी कागदाच्या नळीतून बघण्याचा खेळ खेळलात तर तिथला बराच त्रास वाचेल. चष्मा असेल तर राहू द्या, कारण भिंग आधीच नीट जुळवून ठेवलेलं असतं आणि त्याची चकती मुलांनी फिरवली की मागच्या सगळ्यांना धुरकट दिसतं. उंची पुरत नसेल तर तिथल्या माणसाकडे पायरी किंवा स्टूल मागा. कडेवर घेतलेलं मूल हलतं, आणि त्याच्या धक्क्याने भिंगही.

रांगेत कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी तयार ठेवा. आमच्याकडे विलर्ड विगन यांची होती. हे इंग्लंडचे शिल्पकार. पाचव्या वर्षी मुंग्यांसाठी घरं बांधायला लागले, तिथून या कामाला सुरुवात झाली. नाडीच्या ठोक्यानेही हात हलतो म्हणून ते दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात कोरतात. 'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतली ॲलिस त्यांनी घडवली होती, ती एकदा त्यांच्याच श्वासाबरोबर नाकात गेली! हे ऐकल्यावर भाचा प्रत्येक भिंगापुढे श्वास रोखून उभा. युक्रेनचे मिकोला स्याद्रिस्ती यांनी पिसूला सोन्याचे नाल ठोकले, हे मात्र त्याला पटलं नाही. "पिसू गप्प कशी बसली?" पिसू मेलेली होती, हे उत्तर त्याला अगदीच मिळमिळीत वाटलं.

फलक वाचून दाखवायच्या फंदात मी पडले नाही. मुलांना हवं ते तिथे क्वचितच लिहिलेलं असतं: किती वेळ लागला, तुटलं तर काय, रंग कशाने दिला. विगन रंगासाठी पापणीचा केस वापरतात, एवढं सांगितलं तरी पुरे. मग दोघंही एकमेकांच्या पापण्या तपासत बसतात.

सगळं बघायचा अट्टहास नको. डोळे लवकर थकतात, मुलांचे आपल्याआधी. चार-पाच शिल्पं निवडा, मध्ये बाहेर बसवा आणि वहीत आठवेल ते काढायला सांगा. भिंगाला मोबाइल लावून फोटो घ्यायला जाऊ नका. बहुतेक वेळा काळा गोळाच येतो आणि रांग खोळंबते. सुट्टीची दुपार टाळा, आधल्या दिवशी फोन करून गर्दीची वेळ विचारा.

पाचाच्या आतलं मूल असेल तर पेन्सिलीच्या शिशावर कोरलेल्या शिल्पांपासून सुरुवात करा. ती साध्या हातभिंगानेही दिसतात. एवढं बघून ते कंटाळलं, तर सूक्ष्मदर्शकांची रांग सोडून सरळ बाहेर पडा.