आमची वाटचाल : मंदीचा भार आणि व्यवस्थापकांचा वाटा

आमचा कारखाना २००२ साली कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातील एका भाड्याच्या गाळ्यात, जुने लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन एवढ्या भांडवलावर सुरू झाला. आज तो गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या जागेत आहे. शेजारच्या फौंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मशिनिंग करून ट्रॅक्टरचे व मालवाहू वाहनांचे सुटे भाग आम्ही पुणे परिसरातील मोठ्या कंपन्यांना पुरवतो. कोणते मशीन कोणत्या साली आले याची यादी अशा लेखात सहसा असते. ती येथे देत नाही, कारण भेटायला येणारे उद्योजक मशीनपेक्षा दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारतात. काम कमी झाले की आमच्याकडे पगाराला कात्री लागते ती आधी भागीदारांच्या, मग व्यवस्थापकांच्या. हे जमते कसे, आणि व्यवस्थापक ते मान्य कसे करतात, असा त्यांचा प्रश्न असतो.

या नियमाचे मूळ कारखाना सुरू होण्याआधीच्या माझ्या नोकरीत आहे. मी पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीच्या उत्पादन नियोजन विभागात होतो. २०००-०१ हे वर्ष मालवाहू वाहनांच्या धंद्याला फार वाईट गेले आणि तेव्हा नोकरकपात कशी चालते, हे मला आतून पाहायला मिळाले. सर्वांत आधी कंत्राटी कामगार गेले. त्यासाठी कोणाच्या हातात पत्र द्यावे लागत नसे. कंत्राटदाराला ‘उद्यापासून इतकी माणसे कमी पाठवा’ एवढा निरोप पुरत असे, आणि ही माणसे कपातीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नसत. कायम कामगारांचे तसे नव्हते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला औद्योगिक विवाद कायद्यानुसार कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत असे आणि ती मिळणे अवघड असल्यामुळे कंपनीने स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. कोणाला ‘समजवायचे’, त्यांची नावे विभागप्रमुखांनी द्यायची होती.

त्या विभागप्रमुखांना त्रास होत नव्हता, असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे ज्यांच्यासोबत काम केले त्यांची नावे लिहिताना त्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत. तथापि, त्याच वर्षी खर्चकपातीचे उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल त्यांच्यापैकी काहींना प्रोत्साहनपर रक्कमही मिळाली, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. मला ती वाटली. येथे व्यवस्थापकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, शेवटी आलेल्याने आधी जायचे हा क्रम, ही सगळी संरक्षणे कायद्याने कामगाराला दिली आहेत. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस त्या व्याख्येतच बसत नाही. त्याला जायला सांगितले तर नेमणूकपत्रात लिहिलेली नोटीस हाच त्याचा आधार. त्यामुळे मोठ्या कंपनीतला मधल्या फळीतला व्यवस्थापक एकाच वेळी यादी करणारा असतो आणि पुढच्या यादीत येऊ शकणाराही असतो. भारातून सुटलेले असतात ते त्याच्या वरचे.

कारखाना सुरू झाल्यानंतर पहिली मोठी मंदी २००८ च्या अखेरीस आली. शेड्यूल, म्हणजे कंपन्यांकडून येणारे मागणीचे वेळापत्रक, निम्म्यावर आले आणि आठवड्यातील काही दिवस मशीन बंद ठेवण्याची वेळ आली. पन्नासपेक्षा कमी कामगार असल्यामुळे ले-ऑफची, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते घरी बसवण्याची, भरपाई आम्हाला कायद्याने बंधनकारक नव्हती. तरी बसवलेल्या दिवसांचा निम्मा पगार आम्ही दिला आणि माझे मेहुणे व मी, आम्ही दोघा भागीदारांनी पगार उचलणे थांबवले. त्या काळात हिशेबाचे रजिस्टर समोर ठेवून बसलो असता एक गोष्ट स्पष्ट दिसली. आमच्या ऑपरेटरच्या घरी जाणाऱ्या पैशात ओव्हरटाइमचा भाग मोठा होता, आणि ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने असतो. काम घटले की सर्वप्रथम तोच बंद होतो. म्हणजे ‘कपात’ हा शब्द कोणी उच्चारण्याआधी, कोणताही निर्णय न होता, ऑपरेटरचे उत्पन्न लक्षात येण्याइतके घटलेले असते. व्यवस्थापकाच्या पगारात ओव्हरटाइम नसतो. त्याची रक्कम चांगल्या महिन्यात आणि वाईट महिन्यात सारखीच राहते. मंदीत ‘सर्वांनी सारखे सोसू या’ असे म्हणून सरसकट दहा टक्के कापणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांच्या हिशेबात ऑपरेटर दोनदा कापला जातो.

२०१९ मध्ये हे सगळे कागदावर आणावे लागले. वाहन उद्योगाची विक्री वर्षभर घसरत होती, १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ हे नवे मानक लागू होणार असल्याने कंपन्या जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचा साठा वाढवायला तयार नव्हत्या, आणि त्यातच ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे तयार माल आवारातच पडून राहिला. त्या वेळी ठरलेले कोष्टक आजही कायम आहे : सलग दोन महिने शेड्यूल ठरावीक पातळीखाली राहिले, तर भागीदारांचा पगार पूर्ण थांबतो, व्यवस्थापकांचा वीस टक्के आणि सुपरवायझरचा पाच टक्के कमी होतो, आणि कामगारांच्या मूळ पगाराला हात लागत नाही. माणूस कमी करण्याचा विचार त्यानंतर.

कोष्टक वाचून आमचे त्या वेळचे उत्पादन व्यवस्थापक मला म्हणाले, “साहेब, ऑर्डर मी कमी केलेल्या नाहीत आणि वर्ष चांगले जाते तेव्हा नफ्यात माझा वाटा नसतो, मग तोट्यात का?” त्यांच्या डोक्यावर घराचे कर्ज होते. प्रश्न रास्त होता, म्हणून नफ्याच्या वर्षी व्यवस्थापकांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढण्याचे कलम आम्ही वाढवले. तरीही ते काही महिन्यांत चाकणला गेले, आणि त्यांच्या जाण्यामुळे माझा विचार उलट पक्का झाला. येणाऱ्या तिमाहीचे शेड्यूल ते मेलवर आधी पाहत असत. काम घटणार हे त्यांना कळल्यानंतर कित्येक आठवड्यांनी ते शॉपवर, म्हणजे मशीनवरच्या कामगारांना, कळत असे. तेवढ्या अवधीत ते दुसरी नोकरी शोधू शकले. त्याच अवधीत आमच्या एका ऑपरेटरने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मोठ्या कंपनीतले अनेक व्यवस्थापक सांगतात की, माहीत असूनही बोलता येत नाही, हेच त्यांचे सर्वांत मोठे ओझे असते. ते खरे मानले तरी त्या मौनाची किंमत दुसराच कोणी भरतो. तेव्हापासून शेड्यूल आले की त्याच दिवशी ते फलकावर लागते. ‘असे केल्यास चांगले कामगार पळून जातील’ असा इशारा मला बऱ्याच जणांनी दिला होता. काही गेले, आणि त्यांनी जावे हेच योग्य होते.

पुढे २०२३ मध्ये संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीची बातमी वाचली तेव्हा मला आमच्या कोष्टकाची आठवण झाली. त्यांनी प्रमुखाच्या मूळ पगारात पंचवीस टक्के, वरिष्ठ नेतृत्वाच्या पंधरा, वरिष्ठ व्यवस्थापकांच्या दहा आणि मधल्या व्यवस्थापकांच्या पाच टक्के कपात केली. खालच्या श्रेणींना आणि तासावर काम करणाऱ्यांना हात लावला नाही. आमच्या धंद्यातील काही मित्रांना मी ती बातमी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने सुमारे पंधरा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. वरून सुरू होणारी पगारकपात काही महिन्यांची ओढ भागवते, हातातून गेलेले गिऱ्हाईक परत आणत नाही, ही मर्यादा आमच्या कोष्टकालाही आहे; उद्या ज्या इंजिनासाठी आम्ही भाग करतो ते इंजिनच बंद झाले, तर टक्केवारीने काही होणार नाही. २०२५ मध्ये टीसीएस या आयटी कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यात भर मधल्या व वरिष्ठ श्रेणींवर असल्याचे सांगितले. कोल्हापुरातील कित्येक घरांतली मुले हिंजवडीत नोकरीला आहेत. व्यवस्थापकालाही पदाचे संरक्षण नसते, हे त्या घरांना तेव्हा प्रथमच जाणवले.

नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीच्या पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली आहे आणि काढलेल्या कामगाराच्या कौशल्यवृद्धीसाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने देण्याची तरतूद केली आहे. आमच्यासारख्यांना पूर्वपरवानगी कधीच लागत नव्हती, त्यामुळे त्या बदलाने येथे फरक पडत नाही. आमच्या कोष्टकातली उणीव वेगळीच आहे. माल भरणे-उतरवणे आणि कास्टिंगची साफसफाई ही कामे आम्हीही कंत्राटदाराकडून करून घेतो, आणि ती माणसे या कागदावर कोठेही नाहीत. त्यांना कोष्टकात घेतल्यास व्यवस्थापकांची पगारकपात वीसवरून पंचवीस टक्क्यांवर न्यावी लागते. आमच्या सध्याच्या दोन व्यवस्थापकांपैकी एक त्याला तयार आहे, दुसऱ्याने मार्चअखेरचा हिशेब पाहून सांगतो असे कळवले आहे.