पहिली पाट शेजारणीची

शेळीचं काय कौतुक सांगता मला? मी तुळजापूर तालुक्यातली. काळीभोर उस्मानाबादी आणि वेताला दोन-दोन करडं बघतच वाढले. त्यामुळे इथे मलावीत, राजधानी लिलाँग्वेहून देड्झाकडच्या एका खेड्यात शेळीवाटप बघायला निघाले ती जरा तोऱ्यातच.

तोरा उतरवला एका नियमाने. इथे संस्थेची शेळी फुकट मिळते, पण तिची पहिली पाट, म्हणजे मादी करडू, यादीतल्या पुढच्या घरी द्यायची. त्या दिवशी तेच होतं. देणाऱ्या बाईने दूध तुटलेल्या पाटीचे खूर पुसले, गळ्यात छापील कापडाची चिंधी बांधली आणि दोर शेजारणीच्या हातात दिला. दिला, पण सोडेना. दोघी दोर धरून उभ्या. तेवढ्यात पाटीने नव्या मालकिणीच्या पायावर लेंड्या टाकल्या, सगळे खो खो हसले, तेव्हा कुठे हात सुटला.

मला आमच्या काकांच्या अनुदानाच्या शेळ्या आठवल्या. दहा शेळ्या, एक बोकड. वर्षाच्या आत सगळ्यांना बाजार दाखवला. काकांचंही चुकलं म्हणवत नाही, विहीर आटलेली, त्यात पोराची फी. पण इथे शेळी गाभण राहिली की शेजारीण रोज कुंपणावरून तिचं पोट बघून जाते. विकायची छाती कोणाची होईल?

मलावीत गावठी शेळी मटणाला, नाहीतर अडीनडीला विकायला. धार काढायची रीत फारशी नाहीच. म्हणून या शेळ्या सानेन या दुधाळ जातीच्या संकराच्या. गोठा जमिनीपासून वर, फटी ठेवलेल्या फळ्यांचा. लेंड्या खाली पडतात, त्या मक्याच्या शेतात जातात. दूध उकळून पोरांच्या 'फाला'त, म्हणजे मक्याच्या पेजेत. एरवी दोन्ही वेळा मकाच. दुधाला वास येतो का, विचारलं. "बोकड लांब बांधतो," बाई म्हणाली. आईही हेच सांगायची.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, इथली पाच वर्षांखालची ३७ टक्के पोरं खुरटलेली, २०१५-१६ची पाहणी आहे, बिचारी. त्याने फोनवर महाराष्ट्राचा आकडा काढला: २०१९-२१, ३५ टक्के. मी म्हटलं, आपल्याकडे अंगणवाडी तरी आहे. "हो ना," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

पाटीचा व्हिडिओ काकांना पाठवला होता. सकाळी उत्तर आलं, "पाट झकास. तिकडं काय भाव?"