तुम्ही विचारलंत म्हणून: स्कायहुक आता कोणीच का मारत नाही?

करीम अब्दुल-जब्बार या अमेरिकन बास्केटबॉलपटूचा स्कायहुक, म्हणजे रिंगला बाजू देऊन एका ताठ हाताने डोक्यावरून टाकलेला शॉट, अडवताच येत नव्हता म्हणता, मग आज तो कोणीच का मारत नाही? बास्केटबॉल शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा ठरवलेलं असतं. एक तर शॉटची महती फुगवून सांगितली आहे, नाहीतर आजचे खेळाडू कामचुकार आहेत. दोन्ही खरं नाही. म्हणजे, दुसरं उत्तर मीही बरीच वर्षं ठोकून देत होते, त्याबद्दल पुढे बोलू.

३८,३८७ गुण, ६ अजिंक्यपदं, ६ वेळा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २० मोसम. हे तुम्हाला पाठ आहे, म्हणून सोडते. शॉटकडे येऊ, कारण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो नीट पाहिलेलाच नसतो.

तो अडवता येत नव्हता याचं श्रेय सगळे ७ फूट २ इंचांना देतात. उंचीचा वाटा आहेच, पण खरी गोम अंतरात आहे. जंप शॉट मारताना तुमची छाती डिफेंडरसमोर (अडवणाऱ्यासमोर) असते आणि चेंडू दोघांच्या मध्ये. हुक मारताना डावा खांदा रिंगकडे आणि चेंडू उजव्या हातात, म्हणजे डिफेंडरपासून सगळ्यात लांब. मध्ये तुमचं अख्खं शरीर. चेंडूपर्यंत पोहोचायला त्याला तुमच्या अंगावरूनच यावं लागतं आणि तसं आला की फाउल. ५ एप्रिल १९८४ ला विल्ट चेंबरलेनचा कारकिर्दीतल्या ३१,४१९ गुणांचा विक्रम मोडणारा शॉट करीमने युटा संघाच्या मार्क ईटनवरून मारला. ईटन ७ फूट ४ इंच, करीमहून दोन इंच उंचच. उपयोग काय झाला?

कृती अशी. उजव्या हाताच्या खेळाडूने रिंगच्या डाव्या बाजूला, पाठ रिंगकडे करून चेंडू घ्यायचा आणि मधल्या बाजूला वळायचं. डावा पाय टाकायचा, पण पंजा रिंगकडे रोखायचा नाही, बेसलाइनला, म्हणजे रिंगमागच्या रेषेला, समांतर ठेवायचा. पंजा रिंगकडे गेला की कंबर फिरते, छाती उघडी पडते आणि सगळा फायदा पाण्यात. पाय टाकतानाच मान डाव्या खांद्यावरून वळवून रिंग नजरेत धरायची. उजवा गुडघा वर. चेंडू दोन्ही हातांनी छातीपर्यंत आणायचा, डावा हात तिथेच सुटतो आणि कोपरात वाकून आडवा राहतो. उजवा हात कानाजवळून सरळ वर, कोपर पूर्ण ताठ, उडीच्या टोकाला मनगट मोडायचं. चेंडू शेवटी सुटतो तो बोटांच्या टोकांवरून. तळव्यावर टेकला असेल तर फिरकी मिळत नाही आणि तो रिंगवर दगडासारखा आपटतो.

बिघडतं कुठे? सर्वांत जास्त हाताच्या वाटेत. जुना हुक बाजूने, गोफणीसारखा फिरवून मारत. तसा मारला की चेंडू डावी-उजवीकडे चुकतो. सरळ वर नेला तर चुकला तरी थोडा कमी किंवा थोडा जास्त पडतो, आणि ती चूक सुधारता येते. दुसरी चूक डाव्या हाताची. तो ढाल म्हणून ठेवायचा असतो. कोपर उघडून ढकललं की शिट्टी वाजलीच. तिसरी, चेंडू कमरेखाली आणण्याची. खाली आला की बुटका गार्ड मागून येऊन हिसकावून नेतो. मग खेळाडू म्हणतो, शॉटच वाईट आहे. शॉट वाईट नव्हता बाबा, तो सुरूच झाला नव्हता.

आता माझी जुनी उत्तरं. पहिलं होतं, ‘तेवढी उंची कुणाकडे आहे?’ हे टिकणारं नव्हतंच. करीमच्याच लेकर्स संघातल्या, ६ फूट ९ इंचांच्या मॅजिक जॉन्सनने करीमकडूनच घेतलेला हुक ९ जून १९८७ ला बॉस्टनमध्ये, दोन सेकंद उरलेले असताना, बॉस्टन सेल्टिक्सच्या मॅकहेल आणि पॅरिशच्या हातांवरून टाकला आणि लेकर्स १०७-१०६ जिंकले. दुसरं उत्तर होतं, ‘आजकालच्या मुलांना मेहनत नको.’ हे म्हणायला फार बरं वाटतं. पण जी मुलं रोज शेकडो थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारतात त्यांना कामचुकार म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

माझं मत बदललं ते लेकर्स-सेल्टिक्स यांच्या १९८५ च्या अंतिम मालिकेकडे पुन्हा पाहिल्यावर. तुम्हाला निकाल ठाऊक असतो. मधले तीन दिवस मात्र कुणी विचारत नाही.

२७ मे, बॉस्टन गार्डन, पहिला सामना. सेल्टिक्स १४८, लेकर्स ११४. करीम ३८ वर्षांचा, १२ गुण आणि फक्त ३ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). रॉबर्ट पॅरिश त्याला मागे टाकून धावत होता. करीम संपला, असं त्या रात्री पुष्कळांनी ठरवून टाकलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लेकर्स तोवर सेल्टिक्सशी आठ अंतिम मालिका खेळले होते आणि आठही हरले होते. चित्रफीत पाहायला एरवी मागे बसणारा करीम त्यानंतर पहिल्या रांगेत जाऊन बसला. प्रशिक्षक पॅट रायलीने त्याच्या चुका त्याच्याच देखत पुन्हा पुन्हा दाखवल्या. ३० मेला दुसऱ्या सामन्याला संघाच्या बसमध्ये करीमने वडिलांना सोबत घेतलं. बसमध्ये फक्त संघ, हा नियम रायलीने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

त्या सामन्यात करीमचे गुण ३०, रिबाउंड १७, आणि ३ ब्लॉक (अडवलेले शॉट). लेकर्स १०९-१०२ ने जिंकले. सगळे ३० चा आकडा सांगतात. मी बोट ठेवते ते चौथ्या आकड्यावर, ८ असिस्ट, म्हणजे ज्यांवर साथीदाराने थेट गुण केले ते पास. तीन दिवसांत माणसाचा शॉट सुधारत नाही, पंधरा-वीस वर्षं मारलेला शॉट तर नाहीच. सुधारतं ते आधीचं. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, लवकर पोहोचणं, जागा धरणं, आणि चेंडू हवा तिथे हवा तेव्हा मिळणं. रिंगपासून ८ फुटांवर चेंडू मिळाला तर स्कायहुक. तोच १६ फुटांवर मिळाला तर म्हातारा माणूस पाठ करून उभा. आणि मदतीला दुसरा डिफेंडर धावला की मोकळा सुटलेला साथीदार हेरायचा, ते ८ असिस्ट तिथले. लेकर्सनी मालिका ४-२ ने घेतली, सहावा सामना बॉस्टनमध्येच १११-१०० ने. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू करीम. हाच मान त्याला त्याआधी मिळाला होता १९७१ मध्ये, मिल्वॉकी बक्सकडून.

म्हणून आताचं माझं उत्तर असं. स्कायहुक हा एकट्याचा शॉट नाही, दोघांचा आहे, आणि त्यातला पास मेला. त्या काळी एनबीएत झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) बंदी होती. चेंडू हातात नसलेल्या खेळाडूभोवती दोघांना घुटमळता येत नसे. २००१-०२ पासून झोनला परवानगी मिळाली. आता एक डिफेंडर पुढे उभा, दुसरा मागे टपून. वरून टाकलेला पास उंच जायला हवा, उंच गेला की हवेत जास्त वेळ राहतो, आणि तेवढ्यात तिसरा पोहोचतो. १९९९ मध्ये आलेल्या पाच सेकंदांच्या नियमालाही काही जण दोष देतात. तो रिंगकडे पाठ करून ड्रिबल करत (चेंडू आपटत) रेटणाऱ्यांसाठी होता. स्कायहुकला एक-दोन ड्रिबल पुरतात, त्यामुळे ते कारण मला पटत नाही.

‘गणित बदललं’ हेही ऐकते. मांडू या. करीमची कारकिर्दीतली अचूकता ५५.९ टक्के, म्हणजे १०० प्रयत्नांत साधारण ११२ गुण. थ्री-पॉइंटर आज ३६ टक्क्यांच्या आसपास बसतो, म्हणजे १०८. स्कायहुक हरत नाही! पण थांबा, ५५.९ मध्ये त्याचे डंक (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं) आणि लेअपही (रिंगजवळून अलगद टाकणं) आले, म्हणून हे गणित मी कुणाच्या तोंडावर मारत नाही. शिवाय पोस्टमध्ये पास पोहोचवतानाच चेंडू गमावला तर तो प्रयत्न या टक्केवारीत धरलाच जात नाही.

माझ्या उत्तराला भोकं आहेत, तीही सांगते. खुद्द करीम २००५ पासून लेकर्समध्ये अँड्र्यू बायनमला शिकवत होता. ७ फुटी पोरगा, पास देणारे अव्वल, आणि २००९ व २०१० ची अजिंक्यपदं. स्कायहुक मात्र त्याच्या हातात बसला नाही. निकोला योकिच तर आज पोस्टमध्ये हवा तेव्हा चेंडू मागून घेतो. तो छोटे हुक टाकतो, एका पायावरून तरंगते शॉट टाकतो, पण ताठ हाताचा, आकाशातून येणारा तो शॉट नाही. मग पासच मेला म्हणून शॉट मेला हे माझं म्हणणं इथे लंगडं पडतं. कदाचित आजच्या मुलाला ज्या वयात हुकची सवय लागायची त्या वयात तो रिंगपासून २२ फुटांवर उभा असतो. करीम तर शाळकरी वयातच मायकन ड्रिल घोटत होता. उजवीकडून उजव्या हाताने, डावीकडून डाव्या हाताने, चेंडू खांद्याखाली न आणता. कदाचित हेही कारण अपुरं असेल.

बाकी ‘वारसा’ म्हणून विचाराल तर कॉलेजात त्याच्यामुळे १९६७ ते १९७६ डंकवर बंदी होती, हेही लक्षात असू द्या. डंक बंद झाल्याने तो अडला नाही, हुक आणखी पक्का झाला.

आणि ज्यांना नुसतं विचारायचं नसून शिकायचं आहे त्यांच्यासाठी: तीन फुटांवरून, उडी न मारता, रोज १०० उजव्या आणि १०० डाव्या हाताने. पंजा लहान असेल तर लहान आकाराचा चेंडू घ्या, नाहीतर तो बोटांवरून घसरतो आणि तुम्ही नकळत गोफण फिरवू लागता. सलग १० पैकी ७ बसेपर्यंत मागे सरकू नका. ८ फुटांवर पोहोचलात की चेंडू जमिनीवरून उचलून मारणं बंद करा आणि पास द्यायला कुणाला तरी सोबत आणा.