कागदाचा आवाज

श्रवणयंत्र पहिल्यांदा कानात बसवून चालू केले की बहुतेकांच्या तोंडून आधी तक्रारच निघते. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा करकराट, स्वतःचाच परका वाटणारा आवाज, यांपैकी काहीच त्यांना नको असते. हवे असते ते फक्त माणसांचे बोलणे. श्रवणतज्ज्ञ म्हणून मला या तक्रारी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की, "काही आठवड्यांत सवय होईल, मग हे आवाज जाणवणारही नाहीत," हे उत्तर माझ्या तोंडून आपोआप निघते.

त्या दिवशी आलेल्या निवृत्त शिक्षिकेचे बहिरेपण वयोमानाने येणारे, नेहमीचेच होते. निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी टिपतो. उतारवयातील घट बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होते, आणि अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातले 'स', 'श' पुसट झाले की घरचे रुग्णाला आमच्याकडे आणतात; कागदाची सळसळ गेली म्हणून मात्र कोणीही येत नाही.

यंत्र चालू करून मी पडद्यावरचे आलेख पाहत असताना बाईंनी टेबलावरचा कागद उचलला, त्याची घडी घातली, उलगडली आणि तो कानाजवळ नेऊन पुन्हा हलवला. त्यांना त्रास होत असावा असे समजून, बारीक आवाज कमी करू का, असे मी विचारले.

"नको, राहू द्या. वह्या तपासताना हा आवाज असायचा. तो कधी गेला, तेच कळले नव्हते."

मग पिशवीची चेन, पेनाचे बटण, साडीचा पदर असे एकेक करून त्यांनी हाताशी येईल ते वाजवून पाहिले. बाहेर पुढचा रुग्ण ताटकळत होता, तरी त्यांना थांबवावेसे वाटेना. सवयीने मी माझे ठरलेले वाक्य म्हटलेच, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारले, "सवय होऊ नये, अशी काही सोय यात आहे का?"

तशी सोय नसते. शिवाय मेंदूने असे आवाज मागे सारले नाहीत, तर गर्दीत समोरच्याचे बोलणे वेगळे काढणे फार जड जाईल, हेही मी त्यांना सांगितले. बाईंना ते पटले, पण आवडले नाही. "मग मुद्दाम लक्ष देऊन ऐकेन," म्हणाल्या. बारीक आवाजांची पातळी मी होती तशीच ठेवली आणि बोलणे समजण्याची राहिलेली चाचणी पुढच्या भेटीवर ढकलली.