नेक टेन्शन बुशिंगवर लिहिलेलं नसतं

.308 विंचेस्टरची काडतुसं घरी भरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बुशिंग कितीचं घेऊ? पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळीचा) गोळी धरणारा भाग म्हणजे नेक, तो दाबून बारीक करणारी डायमधली कडी म्हणजे बुशिंग, आणि नेकची गोळीवरची पकड म्हणजे नेक टेन्शन. (हे अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी. भारतात आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही.) हिशेब सोपा आहे. गोळीचा व्यास 0.308 इंच, नेकची भिंत 0.0145, ती दोन्ही बाजूंनी धरली की तयार काडतुसाचा नेक 0.337 भरतो. त्यातून दोन थाऊ, म्हणजे 0.002 इंच, वजा करून 0.335 चं बुशिंग. मॅगझिनमधून आपटत भरणाऱ्या सेमी-ऑटोला तीन थाऊ ठेवा.

पण हा झाला नुसता मापातला फरक. गोळी किती जोरात धरली जाते हे पितळ किती कडक आहे आणि नेक आतून कसा आहे यावर ठरतं. गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) पसरायला लागला की लोक बुशिंग बदलत बसतात आणि या दोन गोष्टींकडे बघतच नाहीत.

आधी पितळ. दर फायरिंगला नेक फुगतो, दर सायझिंगला (डायमधून परत मापात आणताना) दाबला जातो, आणि तेवढा कडक होत जातो. कडक पितळ बुशिंगमधून सुटलं की जास्त उसळतं. म्हणून एकदा उडवलेली आणि सहादा उडवलेली पुंगळी एकाच डायमधून काढली तरी आतला व्यास वेगळा येतो. जितक्यांदा उडवल्या त्याप्रमाणे पुंगळ्यांचे लॉट वेगळे ठेवा आणि ॲनीलिंग (ज्वालेने तापवून नेक मऊ करणं) दर खेपेला करा. ज्वाला नेक आणि खांद्याच्या सांध्यावर धरायची. वेळ ठरवण्यासाठी एका पुंगळीला नेकच्या आत 750 अंश फॅरनहाइटचं टेम्पिलॅक (ठरावीक तापमानाला वितळणारा रंग) आणि खांद्याच्या पाव इंच खाली 450 अंशाचं लावा. वरचं वितळलं पाहिजे, खालचं वितळता कामा नये. बूड तापून मऊ झालेली पुंगळी दाब सोसत नाही. ती सरळ भंगारात. ब्रँड बदलला की वेळही नव्याने ठरवा, कारण भिंतीची जाडी बदलते.

आता सायझिंग. फॅक्टरी चेंबरमधून आलेला नेक साधारण 0.343 चा असतो. तो एका दमात 0.334 वर (0.335 पेक्षा एक थाऊ बारीक, कारण शेवटी मँड्रेलने तो थोडा उघडायचा आहे) आणला तर माप नीट येत नाही, नेक वाकडाही होतो. आधी 0.339, मग 0.334, असं दोन टप्प्यांत करा. डायमधला एक्स्पांडर बॉल (नेक आतून रुंद करणारा गोळा) काढून टाका. तो नेक ओढत बाहेर येतो आणि खांदाही सोबत खेचतो. त्याऐवजी शेवटी 0.306 किंवा 0.3065 चा मँड्रेल (नेमक्या मापाची गुळगुळीत सळई) वरून आत दाबा. बुशिंग भिंतीतला उंचसखलपणा आत ढकलतं, मँड्रेल तोच बाहेर ढकलतो, आणि गोळीचा संबंध आतल्या बाजूशीच असतो. नेक टर्न केलेला (भिंत बाहेरून तासून सारखी केलेला) नसेल तर मँड्रेल हवाच. आतला व्यास तपासायला पिन गेज (नेमक्या मापाच्या पिना) वापरा. अर्ध्या थाऊच्या फरकासाठी व्हर्नियरवर भरवसा नको.

चार-पाच थाऊ ठेवून पकड वाढेल हा गैरसमज आहे. तेवढ्यात पितळ कायमचं ताणलं जातं, म्हणजे गोळीच एक्स्पांडरचं काम करते. वर जॅकेट (गोळीचं धातूचं आवरण) खरवडलं जातं ते वेगळंच.

नेकची आतली बाजू चकचकीत करण्याची हौस आवरा. तिथली काजळीची पातळ पुटी वंगणाचं काम करते. अल्ट्रासॉनिक क्लीनरमधून काढलेल्या कोऱ्या पितळात गोळी अडखळत बसते, आणि काडतुसं महिनोन्‌महिने पडून राहिली तर चिकटूही शकते. नायलॉन ब्रशचे दोन हात पुरेत. पुटी निघालीच असेल तर कोरडं ग्रॅफाइट लावा. स्टीलच्या पिनांत धुतलेल्या पुंगळ्यांच्या तोंडाची कड ठेचली जाते, तेव्हा 2.005 इंचावर ट्रिम (लांबी कापणं) आणि आतून चॅम्फर (कड तिरकी तासणं) धुतल्यानंतर करा.

गोळी बसवताना फोर्स गेज (लागणारा जोर दाखवणारा काटा) लावलेली आर्बर प्रेस (हाताने सरळ दाबायची छोटी प्रेस) असेल तर सगळं काट्यावर दिसतं. साध्या प्रेसचा दांडा इतका लांब असतो की हाताला काही कळत नाही. काटा बाकीच्यांपेक्षा फार वर किंवा खाली गेलेली काडतुसं बाजूला काढा; बॅरल तापवायला ती चालतात.

सेमी-ऑटोसाठी आणखी एक तपासणी. एका नमुना काडतुसाची लांबी मोजा, गोळीचं टोक बाकाच्या लाकडावर अंगठ्याच्या जोराने दाबा, परत मोजा. गोळी आत सरकली तर ते काडतूस उडवू नका, दाब वाढतो. क्रिंप मारून (पुंगळीची कड गोळीवर आवळून) हे झाकायला जाऊ नका: पुंगळ्यांची लांबी सारखी नसेल तर क्रिंपही सारखा बसत नाही. गोळ्या उपटा आणि पुन्हा मँड्रेलपासून सुरुवात करा, या वेळी अर्धा थाऊ बारीक घेऊन.